‘नंतर’ आणि ‘मुळे’

त्या नदीवर पूल होऊन आता इतकी वर्षं झाली, की नदी ओलांडायला कधीकाळी गप्पांची अख्खी एक बैठक लागायची, हे तिथल्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही. ती गाडीत बसतात आणि मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत पलीकडे पोचलेली असतात.

भाची मात्र अजून पुलावर गाडी चढली की काच खाली करते. ड्रायव्हर कुरकुरतो, एसी चालू असतो. ती म्हणते, "राहू दे रे दोन मिनिटं. या नदीचं आणि माझं जुनं आहे."

ती नक्की कुणाची भाची, हे नव्या वकिलांना माहीत नसतं. तिने वकिली सुरू केली ती आत्याच्या हाताखाली, आणि आत्या म्हणजे त्या कोर्टातलं मोठं प्रस्थ. पहिल्याच दिवशी आत्याने भर कोर्टात ओळख करून दिली, "ही माझी भाची. चुकली तर मला बोला." झालं. शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे तिला भाची म्हणायला लागले. पुढे तिचे केस पांढरे झाले, तिच्याकडे शिकलेली दोन पोरं न्यायाधीश झाली, आत्या जाऊनही जमाना लोटला. पण भाची ती भाचीच राहिली.

लाँच कंपनीचा खटला आला तेव्हा ती अगदी नवी होती. काळा कोट अजून खांद्यांवर बसायचा होता.

तिचं घर नदीपलीकडे. शाळा संपल्यापासून रोज सकाळी ती लाँचनेच यायची. कंपनीच्या तीन लाँच होत्या, आणि त्यांच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असलं तरी लोक त्यांना थोरली, मधली आणि धाकटी असंच म्हणायचे. थोरलीचं इंजिन सुरू होताना म्हाताऱ्या माणसासारखं खाकरायचं. मधलीची बाकं गुळगुळीत झाली होती, वळणावर सगळी रांग एका बाजूला घसरायची आणि अनोळखी माणसांची ओळख व्हायची. धाकटी सगळ्यांत वेगवान, पण तिच्यात बसलं की कपड्यांना दिवसभर डिझेलचा वास यायचा. भाचीला तो वास आवडायचा. आत्या म्हणायची, "तू कोर्टात शिरलीस की मला आधी नाकाला कळतं."

कंपनी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. पण कागदोपत्री कंपनी होती. भागधारक होते, वर्षाची सभा होती, आणि सभेत चहाबरोबर बिस्किटं कुठली यावरून हमखास भांडण व्हायचं. कंपनीचा कारभार पाहायचे ते भोंगेकाका. त्यांचा आवाज असा, की लाँचच्या भोंग्याची गरजच नव्हती, म्हणून हे नाव. तरीही त्यांनी तिन्ही लाँचवर लाउडस्पीकर बसवला होता. "उतरताना ढकलाढकली नको. धक्का कुठे पळून जात नाही," असं ते रोज सांगायचे. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाची छत्री राहिली, सगळं त्याच भोंग्यावरून. एकदा एका बाईंची कवळी बाकाखाली सापडली, तेही त्यांनी जाहीर केलं. त्या बाई नंतर महिनाभर वळसा घालून रस्त्याने यायच्या.

भाचीबरोबर त्या लाँचने रोज दादाही यायचा. दादा म्हणजे तिचा मावसभाऊ. मावशीचं घर तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. लहानपणापासून दोघं एका ताटात जेवलेली. दादा बोलायला कमी, पण त्याला प्रत्येक गोष्ट मोजायचं वेड. लाँचच्या कठड्याला टेकून तो नजरेनेच पाण्याचा अंदाज घ्यायचा आणि म्हणायचा, "आज कालच्यापेक्षा हातभर कमी." पुढे तो बंदरखात्यात तपासनीस झाला. पोरगा सरकारात लागला, हे मावशीने गल्लीत कुणालाही न विचारता सांगितलं.

मग भरावाचं निघालं. नदीच्या मुखाशी, डाव्या अंगाला जो उथळ भाग होता तिथे दगडमाती टाकून जमीन करायची आणि तिच्यावर सरकारी कचेऱ्या बांधायच्या, अशी योजना. बंदरमंत्र्यांची ती लाडकी योजना होती. कंपनीने तिच्या विरोधात वर्तमानपत्रात अर्धं पान जाहिरात दिली. भराव पडला तर प्रवाह अडेल, गाळ साचेल आणि ओहोटीला लाँच चालणार नाहीत, असं त्यात सरळ लिहिलं होतं. खाली कंपनीचं नाव. भोंगेकाका तेवढ्यावर थांबतात कसले! लाँच नदीच्या मध्यावर आली की भोंगा सुरू.

"मंडळी, डावीकडे बघा. तिथे भराव पडणार आहे. आमच्या मते हे चुकीचं आहे. तुम्हाला पटलं तर बोला, नाही पटलं तरी बोला. पण आधी बघून घ्या."

आणि सगळी लाँच डावीकडे बघायची. इतकी, की लाँच जरा कलायची.

थोड्याच दिवसांत मंत्री एका जाहीर सभेत म्हणाले, "काही लोक आमच्या पाण्यावर धंदा करतात आणि आमच्यावरच भोंगे वाजवतात. भोंगे कसे बंद करायचे, ते आम्हाला कळतं." लोक हसले. भाचीही तिथे होती, दुसऱ्या कामासाठी गेलेली. तिलाही ती तेव्हा नुसती तोंडची वाफ वाटली.

पुढच्याच आठवड्यात बंदरखात्याची माणसं धक्क्यावर आली. तिन्ही लाँचचे कठडे मोजले. नियमात हवेत त्यापेक्षा ते बुटके निघाले. प्रवाशांच्या जिवाला धोका, म्हणून तिन्ही लाँचचे परवाने एकदम स्थगित. कठडे मोजणारा तपासनीस होता दादा.

आत्याचं ऑफिस एका घड्याळवाल्याच्या दुकानावर, माडीवर होतं. खाली भिंतभर घड्याळं, आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळायची नाही. आत्या म्हणायची, "साक्षीदार असेच असतात, म्हणून मी जागा सोडत नाही." त्या माडीवर भोंगेकाका येऊन बसले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की भाचीला पुढे झुकून ऐकावं लागलं.

"बाईसाहेब, खोटं कशाला बोलू? कठडे बुटके आहेत. लाँच बांधल्या तेव्हा नियम वेगळा होता. नंतर बदलला. कुणी कधी विचारलं नाही, आम्हीही वाढवले नाहीत."

भाचीचा चेहरा पडला. तिला वाटलं, संपलंच सगळं. आत्या मात्र चष्मा पुसत होती.

"मग आपण तेच कोर्टात सांगायचं," ती म्हणाली. "कठडे बुटके आहेत, मान्य. भांडण कठड्याचं नाहीच. भांडण हे, की सरकारने हात उगारला तो कठडा बघून, की भोंगा ऐकून."

भोंगेकाका गेल्यावर तिने भाचीला समोर बसवलं. "नीट ऐक. आपल्याला तीन गोष्टी सिद्ध करायच्यात. एक, कंपनी जे बोलली ते बोलण्याचा तिला हक्क होता. दोन, बोलल्यावर तिला असा तडाखा बसला, की दुसरा कुणी असता तर त्याने तोंड मिटलं असतं. या दोन पायऱ्या चढता येतील. तिसरी अवघड. तडाखा बोलल्यामुळे बसला."

"पण जाहिरातीनंतर लगेच तर परवाने गेले! सगळ्यांना दिसतंय."

"नंतर गेले. ‘नंतर’ दाखवायला कॅलेंडर पुरतं. ‘मुळे’ दाखवायला काय लागतं सांग. ‘मुळे’ सरकारच्या डोक्यात आहे, आणि तिथे आपल्याला कुणी शिरू देणार नाही. शिवाय आपण ते दाखवलं, तरी ते म्हणणार, जाहिरात दिली नसती तरी आम्ही परवाने थांबवलेच असते, कारण कठडे बुटके आहेत. तेही खोडावं लागेल. म्हणून डोकं सोड, पावलं बघ. इतरांच्या बाबतीत त्यांची पावलं कशी पडली, ते शोधून आण."

दुसऱ्या दिवसापासून भाची आणि भोंगेकाका मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन नदीभर फिरले. ते दिवस तिला अजून जसेच्या तसे दिसतात. सकाळचं पाणी कासवासारखं संथ, काठावर वाळत टाकलेली जाळी, आणि पुढे भोंगेकाका, पँटच्या पायांनी चिखल पुसत चाललेले, कारण लाँच बंद म्हणून चालणं आलं. जो भेटेल त्याच्या होडीचा कठडा मोजायचा. वाळू वाहणाऱ्या पडावाचा बुटका. दुसऱ्या एका छोट्या कंपनीच्या दोन्ही बोटींचा बुटका. एका मासे पकडणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कठडा? आमच्याकडे आत आलेले मासेच बाहेर पडायचं बघतात, त्यांच्यासाठी लावू का?"

शेवटी उरली सरकारची स्वतःची लाँच, मंत्री पाहणीला वापरायचे ती. पांढरी शुभ्र, गाद्यांची बाकं. पहारेकरी जुना, रोजचा ओळखीचा. भोंगेकाकांनी त्याला सगळं खरं सांगून टाकलं. तो विचारात पडला, मग म्हणाला, "मोजायला मनाई आहे असं मला कुणी सांगितलेलं नाही," आणि मोजपट्टीचं दुसरं टोक त्यानेच धरलं. कठडा गुडघ्याच्या जरासा वर. साहेबांना बसून नदी दिसावी म्हणून मुद्दाम तेवढाच ठेवलेला. भोंगेकाका कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

कोर्टात सरकारी वकील उभे राहिले. सडपातळ, गोड बोलणारे गृहस्थ. ते रागावले तरी समोरच्याला आभार मानावेसे वाटायचे. ते म्हणाले, "कठडे सगळ्यांचेच बुटके असतील, साहेब. खात्याने सुरुवात कुठून तरी करायची की नाही? सगळ्यांत जास्त प्रवासी या कंपनीकडे, म्हणून इथून केली. मंत्र्यांचं सभेतलं वाक्य हे सभेतलं वाक्य. त्यावर खातं चालत नाही. आणि मुळात ही कंपनी. कंपनीला जीभ कुठून आली? तिचा भरावाला विरोध म्हणजे तिच्या धंद्याची काळजी. त्याला नागरिकाचं मतस्वातंत्र्य म्हणायचं का?"

न्यायाधीशांनी आत्याकडे पाहिलं. "खरंच, बाईसाहेब. कंपनी बोलते तेव्हा नक्की कोण बोलतं?"

आत्या म्हणाली, "भागधारक बोलतात, खलाशी बोलतात, तिकीट फाडणारा बोलतो. एकेकट्याचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जात नाही, म्हणून ते एकत्र येऊन बोलतात. त्यात त्यांचा फायदा आहे, मान्य. पण ज्याचं काही बिघडणार आहे त्यानेच बोलायचं नाही, तर बोलायचं कुणी? आणि कंपनीने काही तिकिटाची जाहिरात केली नाही. सरकारच्या योजनेवर लोकांसमोर मत मांडलं."

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. भाचीला वाटलं, दोन पायऱ्या झाल्या.

तिसरीचं काय, हे आत्यालाही उमगत नव्हतं. मग एका संध्याकाळी तिने भोंगेकाकांना पुन्हा बोलावलं. "परवाना थांबवल्याचा हुकूम तुमच्या हातात कधी पडला?"

"त्याच दिवशी."

"मोजल्यावर किती वेळाने?"

"नाही सांगता येत, बाईसाहेब. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. लोक ओरडत होते. कधी हातात कागद आला, कळलं नाही."

"हुकूम टाइप केलेला आहे," आत्या म्हणाली. "धक्क्यावर टाइपरायटर होता?"

भोंगेकाकांनी नकारार्थी मान हलवली. बंदरखात्याच्या संचालकांच्या शपथपत्रात लिहिलं होतं, की तपासणीत दोष आढळल्यानंतर हुकूम काढून संध्याकाळी बजावला. खरं काय ते एकाच माणसाला माहीत होतं, कठडे मोजणाऱ्याला. आत्याने त्याला साक्षीला बोलवायचा अर्ज केला.

त्या रविवारी ती मावशीकडे जेवायला गेली. नेहमीसारखीच, कारण न जाणं म्हणजे जास्त बोलणं झालं असतं. मावशी वाढत होती, पण प्रत्येक वाढण्याबरोबर टोला.

"तुझी आत्या फार हुशार हो. आमच्याच घरातला माणूस सापडला तिला."

दादा खाली मान घालून जेवत होता. हात धुवायला दोघं मागच्या अंगणात गेली तेव्हा तो म्हणाला, "हे बघ, तू मला काही विचारू नकोस."

"मी कुठे विचारतेय?"

"डोळ्यांनी विचारतेस, लहानपणापासून." त्याने तांब्या खाली ठेवला. "मी आपण होऊन कुणाकडे जाणार नाही. पोट आहे मला. पण शपथ घालून कुणी विचारलं, तर खोटं बोलायला मला जमायचं नाही. आईला हे सांगू नकोस."

तिने मावशीला सांगितलं नाही. आत्यालाही नाही. सोमवारी ती माडीवर गेली तेव्हा तोंड उघडायच्या आधीच आत्या म्हणाली, "घरी काही ऐकलं असशील तर ते तिथेच ठेव. मला नकोय. तो तुझा भाऊ आहे आणि हा माझा खटला आहे. दोन्ही एका पिशवीत घालू नकोस." भाचीला त्या वेळी आत्याचे पाय धरावेसे वाटले. धरले असते, तर आत्याने पुढच्या तारखेची फाइल हातात दिली असती.

साक्षीच्या दिवशी आत्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "साहेब, हा साक्षीदार माझ्या भाचीचा मावसभाऊ आहे. समोरच्या पक्षाला मी आधी कळवलंय. या साक्षीच्या वेळी ती माझ्याजवळ बसणार नाही."

म्हणून भाची मागे, प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसली. तिथे मावशी होती. चांगली साडी नेसून आली होती, मुलाला कोर्टात बघायला. तिने सरकून जागा दिली आणि भाचीचा हात हातात घेतला.

दादा पिंजऱ्यात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, भांग अगदी मधोमध. आत्याने आवाज चढवला नाही.

"तुम्ही किती वर्षं तपासनीस आहात?"

"सहावं चालू आहे."

"त्याआधी कधी कुणाच्या लाँचचा कठडा मोजलात?"

"नाही."

"या तीन लाँचनंतर आणखी कुणाचा मोजलात?"

"नाही. तसं सांगणं आलं नाही."

"या तीन मोजायचं सांगणं आलं?"

"हो."

"कठडाच मोजायचं?"

दादा घुटमळला. सरकारी वकील अर्धवट उठले. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या."

"कठडा असं नव्हतं. सांगितलं होतं, काहीतरी बघून या. मी इंजिन बघितलं, ते ठीक होतं. बुडत्याला टाकायची बोयं मोजली, ती पुरेशी होती. मग कठडा मोजला."

कोर्टात चुळबुळ झाली. मावशीने भाचीचा हात घट्ट आवळला.

"कठडा बुटका निघाला," आत्या म्हणाली. "त्यानंतर हुकूम निघाला. असंच ना?"

हा प्रश्न तिने इतका सहज विचारला, की ‘हो’ म्हणून मोकळं होणं सगळ्यांत सोपं होतं. दादाने समोर पाहिलं, आपल्या खात्याच्या साहेबांकडे. मग त्यांच्या मागच्या बाकांकडे पाहिलं. आई दिसली असेल, भाची दिसली असेल. त्याने पिंजऱ्याच्या कठड्यावरचे हात काढून घेतले.

"नाही बाई. उलटं. हुकूम मी कचेरीतूनच घेऊन निघालो होतो. सही झालेला. कारणाची जागा तेवढी कोरी होती. कठडा मोजल्यावर ती मी हाताने भरली."

न्यायाधीशांनी हुकूम मागवला. डोळ्यांजवळ धरला. सगळा मजकूर टाइप केलेला, आणि मधली एकच ओळ पेनाने लिहिलेली. तो कागद इतके दिवस सगळ्यांसमोर होता. सरकारी कागदात एखादी ओळ हाताने भरलेली असतेच, म्हणून कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

"म्हणजे," न्यायाधीश सावकाश म्हणाले, "कारण सापडायच्या आधी शिक्षा ठरली होती."

दादाने खिशातलं पेन सरळ केलं. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मावशीने भाचीचा हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला, आणि आपले दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. कोर्ट उठलं तरी ती तशीच बसून होती.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी लिहिलं, की कंपनीलाही सार्वजनिक प्रश्नावर बोलायचा हक्क आहे, त्या बोलण्यावर सरकारने सूड उगवला हे शाबीत झालंय, आणि कठडा बुटका असला तरी हुकूम निघताना तो सरकारच्या गावीही नव्हता, त्यामुळे त्याची सबब आता पुढे करता येणार नाही. कठडे मात्र तीन महिन्यांत वाढवून घ्या, हेही लिहिलं. भोंगेकाका म्हणाले, "बरोबर आहे. वाढवूच."

पहिल्या दिवशी थोरली निघाली तेव्हा धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. इंजिन नेहमीप्रमाणे आधी खाकरलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कधी नव्हे ती आत्याही लाँचवर आली. नदीच्या मध्यावर भोंगेकाकांनी भोंगा हातात घेतला. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मंडळी, डावीकडे बघा." पुढे त्यांना बोलवेना. लोकांनी डावीकडे पाहिलं. तिथे उथळ पाणी होतं, उन्हात चमकणारं. आत्याने चष्मा काढून पुसला. भाचीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्या लाँचवर दादा नव्हता. निकालाच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याची बदली झाली, किनाऱ्याच्या पार टोकाला, एका दीपस्तंभाच्या कचेरीत. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय सोय.

भाची धावत त्याच्याकडे गेली. तो बॅग भरत होता.

"दादा, हा सरळ सरळ सूड आहे. आपण कोर्टात जाऊ. मी लढते. आत्या लढेल."

"‘मुळे’ दाखवशील?" त्याने हसून विचारलं. आत्याचा तो धडा एव्हाना घरादाराला पाठ झाला होता. "या वेळी त्यांनी कोरी जागा ठेवलेली नाही. आणि बदली तर कुणाचीही होते. मला नाही लढायचं. कंपनीकडे भोंगा होता. माझा आवाज एवढाच, विचारलं तेवढं सांगण्यापुरता. तो मी वापरला."

"मग मी काय करू?"

"आईकडे बघ."

पण मावशी बघू देईना. भाची गेली की दार उघडायची, पाणी द्यायची आणि आत निघून जायची. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे ती घराला कुलूप लावून मुलाकडे राहायला गेली, तेव्हा सांगूनही गेली नाही. भाचीच्या आईनेच कुठूनतरी ऐकलं. रविवारचं ते जेवण असं कायमचं गेलं.

नंतरच्या वर्षांनी आपलं काम केलं. मंत्री पडले, दुसरे आले. भराव अर्धा झाला, अर्धा राहिला; गाळ साचायचा तो थोडाफार साचलाच. मग पूल आला, आणि पुलाविरुद्ध काय बोलणार? पूल सगळ्यांनाच हवा होता, भाचीलाही. थोरली भंगारात गेली. मधली आणि धाकटी कुणीतरी दुसऱ्या नदीवर नेल्या. भोंगेकाका शेवटच्या दिवशी प्रत्येक प्रवाशाशी हात मिळवत धक्क्यावर उभे होते, आणि ज्यांना मोठ्याने बोललेलं कधी आवडलं नव्हतं, तीच माणसं त्या दिवशी त्यांच्या गळ्यात पडून रडली. तो निकाल मात्र टिकला. वर्तमानपत्रं, शाळा चालवणाऱ्या संस्था, एक औषध कंपनी, कुणाकुणावर सरकारची वक्रदृष्टी झाली तेव्हा वकिलांनी तोच निकाल पुढे केला. भाची स्वतः तो किती वेळा वाचून दाखवत उभी राहिली असेल. दर वेळी दादाच्या साक्षीच्या त्या एका परिच्छेदाशी तिचा आवाज जरा बसायचा. समोरच्यांना वाटायचं, वय झालं.

आत्या गेली त्या वर्षी भाची एका कामासाठी किनाऱ्याकडे गेली होती. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. तिने कुणालाही न कळवता दीपस्तंभाचा रस्ता धरला.

खडकावर बांधलेलं बसकं घर, वाऱ्याने एका अंगाला कललेली झाडं. दादा बाहेरच भेटला. केस विरळ झालेले, रंग रापलेला. बदली रद्द करून घ्यायची संधी त्याला पुढे दोनदा आली होती. त्याने घेतली नव्हती. "इथे भरती-ओहोटीची नोंद ठेवतो," तो म्हणाला. "समुद्र मोजायचा म्हणजे गंमत आहे. तो कुणाचं ऐकून वरखाली होत नाही." आणि लहानपणीसारखा, तोंड न उघडता हसला.

"मावशी?"

"आत आहे. हल्ली कमी ऐकू येतं. जा ना."

भाचीचे पाय उंबऱ्यापाशी अडले. न्यायाधीशांसमोर इतकी वर्षं उभी राहिलेली बाई, पण तिथे तिने आधी चपला काढून नीट लावून ठेवल्या. मावशी खिडकीपाशी बाकावर बसली होती, खूप लहान झालेली, खांद्यावर शाल. तिने वळून पाहिलं. ओळखलं की नाही, कळेना.

"मी आलेय, मावशी."

मावशीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "तो खोटं बोलला असता, तर मला आवडलं असतं का, हे मी रोज स्वतःला विचारते."

भाचीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"नसतं आवडलं," मावशी म्हणाली. "पण तो इथे नसता आला."

बाहेर दादा कुणाला तरी हाक मारत होता. वाऱ्याने ती अर्धीच आत येत होती. मावशीने शाल सावरली, बाकाच्या एका कडेला सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"उभी काय राहिलीस? बस. जेवून जा."